वही मागच्या पानापासून उघडा

माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याचं एक जाड रजिस्टर आहे. २०१० पासूनचं माझं सगळं पळणं त्यात लिहिलेलं आहे. तारीख, किलोमीटर, वेळ. पहिलं पान त्या वर्षीच्या ऑक्टोबरचं. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटरला कांस्यपदक आणलं. सातपूरच्या कारखान्यातल्या आमच्या टूलरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा चाळीस वर्षांचा होतो. फर्स्ट शिफ्ट करून घरी यायचं, जेवायचं आणि आडवं व्हायचं, एवढाच दिनक्रम. तिसऱ्या दिवशी पहाटे गोल्फ क्लब मैदानावर गेलो आणि दोन फेऱ्यांत धाप लागून खाली बसलो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तीन वर्षांनी दहा किलोमीटर ४८ मिनिटांत पळालो. त्या नोंदीभोवती लाल पेनने चौकट काढलेली आहे.

आज मी ५५ वर्षांचा आहे. तितकाच जीव लावून पळालो तर त्याच अंतराला ५५ मिनिटं लागतात, आणि रोजच्या सैल पळण्यात तासाच्या वर जातो. पन्नाशी ओलांडली तेव्हा हे मला सोसत नव्हतं. पळून आलो की रजिस्टर उघडायचं, जुनी पानं चाळायची आणि हिरमुसून बसायचं. शेवटी चार महिने बूट बाल्कनीतच पडून राहिले. त्या चार महिन्यांत झोप बिघडली, घरात चिडचिड वाढली. मग एका रविवारी मी रजिस्टर उलटं केलं आणि मागच्या पानापासून लिहायला लागलो. शाळेत कच्चं काम करायला आपण वही मागून उघडायचो, तसं. गेली चार वर्षं मी मागूनच लिहितोय, आणि पळण्याची इतकी गोडी मला ४८ मिनिटांच्या काळातही नव्हती. ते कसं जमवलं, ते सांगतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. वेग कमी होतो तो तुमच्या आळसामुळे नाही. हृदयाचे ठोके जास्तीत जास्त किती पडू शकतात हा आकडा वयाबरोबर खाली येतो. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा, असा एक ठोकताळा आहे. ४३ व्या वर्षी माझं उत्तर १७८ यायचं, आता १७० च्या आत येतं. (माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, म्हणून तो आकडा दगडावरची रेघ समजू नका. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी पडतात. मग घड्याळातल्या आकड्यावर विसंबूच नका.) शरीर ऑक्सिजन वापरतं ती क्षमता तिशीनंतर बैठ्या माणसात दर दहा वर्षांना साधारण दहा टक्क्यांनी उतरते. व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत ती साधारण त्याच्या निम्म्याने उतरते. शिवाय झटक्यात ताकद लावणारे स्नायूतंतू आधी झिजतात, त्यामुळे पावलांची गती तीच राहिली तरी एकेक पाऊल आखूड पडतं. मोबाइलवर स्वतःचं पळणं बाजूने काढून घ्या, लगेच दिसेल.

म्हणजे वेग थोडा उतरणारच. आपल्या हातात आहे ते त्याचं उतरणं मंद करणं आणि मोजमाप बदलणं.

मोजमापाचं असं करा. वही मागून उघडा आणि किलोमीटरऐवजी मिनिटं लिहा. ‘आज ४५ मिनिटं’, बस. पुढे जागा लिहा. त्यापुढे पाढा झाला की नाही ते लिहा (पाढ्याचं पुढे सांगतो). आणि शेवटी वाटेत दिसलेली एक गोष्ट. माझ्या वहीत ‘खंड्या, तारेवर’ आहे, ‘द्राक्षबागेत खरड छाटणी सुरू’ आहे, ‘सोमेश्वरच्या धबधब्याचा आवाज रस्त्यापर्यंत’ असंही आहे. पुढच्या पानांवर असं काहीच नाही, कारण तेव्हा माझं लक्ष मनगटावर असायचं.

वेळेची हौस अजिबात सोडा असं मी म्हणणार नाही, ती माझीही सुटलेली नाही. पण तिला कप्पे करा. मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये ३५ पासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. तुम्हीही तेच करा. ५५ पूर्ण झालं की पाटी कोरी. त्या पाच वर्षांतली पहिली वेळ हाच तुमचा नवा विक्रम, आणि मोडायचा तो तोच. दुसरा मार्ग म्हणजे वयानुसार टक्केवारी. तुमच्या वयाच्या माणसासाठी त्या अंतराची जी सर्वोत्तम वेळ धरली जाते, तिच्याशी तुमची वेळ ताडून टक्के काढायचे. नेटवर त्याचे गणकयंत्र फुकट मिळतं. मी माझे ४८ आणि ५५ दोन्ही त्यात घालून पाहिले तर फरक जेमतेम तीन टक्क्यांचा निघाला. सात मिनिटांचं मला केवढं दुःख झालं होतं! त्या संध्याकाळी ते सगळं हलकं झालं.

आता पाढा. सैल पळताना बोलता आलं पाहिजे हे सगळेच सांगतात, पण एकटं पळणाऱ्याने बोलायचं कुणाशी? मी सतराचा पाढा म्हणतो, मोठ्याने. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. एवढं एका सुरात, मध्ये श्वासासाठी न अडखळता आलं तर वेग बरोबर आहे. ‘त्रिक’पाशीच हवा घ्यावी लागली तर वेग जास्त झाला, लगेच उतरवा. चढ असेल तर चाला. पंधरा वर्षं पळून मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही की आठवड्यातलं बहुतेक पळणं पाढ्याच्या वेगातच व्हायला हवं. तरुणपणी रोज मध्यम-जोरात पळून निभतं. पन्नाशीनंतर शरीर तो थकवा दोन-दोन दिवस सोडत नाही, मग पुढचं पळणं नकोसं वाटतं, आणि आपल्याला वाटतं की हौसच संपली.

दुसरी तितकीच मोठी गोष्ट म्हणजे सुरुवात. हे सांगायला मला आमच्या टूलरूममधलं एक जुनं लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, आठवतं. त्याचं टूल पुढे-मागे सरकवणाऱ्या स्क्रूला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलेला होता. हॅन्डल पाव फेरा उलटं फिरवलं तरी टूल जागचं हलायचं नाही. नवीन मुलं डायल बघून कट घ्यायची आणि जॉब हमखास बिघडवायची. मशीन भंगारात काढा म्हणायची. जुने कारागीर काय करायचे? टूल आधी चांगलं मागे घ्यायचं, सगळा प्ले एका बाजूला निघू द्यायचा आणि मग एकाच दिशेने हळूहळू आकड्यावर यायचं. त्याच लेथवर दोन शतांश मिलिमीटरच्या आत काम निघायचं. मी स्वतः काढलेलं आहे.

पहाटे साडेपाचला माझं शरीर त्या लेथसारखं असतं. पोटऱ्या आखडलेल्या, टाचेमागची जाड शीर, जिला अकिलिस म्हणतात, ताठ. एका झटक्यात वेगावर आलो तर काम बिघडणारच. म्हणून पहिली पंधरा मिनिटं प्ले काढायला द्या. आठ-दहा मिनिटं चाला, आधी रमतगमत, मग झपाझप. थांबून घोटे गोल फिरवा, भिंतीला धरून एकेक पाय पुढे-मागे झुलवा, दहा-दहा वेळा. मग इतकं हळू पळा की बाजूने झपाझप चालणारा बरोबरीने येईल. त्या पाच मिनिटांत लाजायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा एक आकडी होतो, तेव्हा पंधराऐवजी वीस मिनिटं घ्या आणि अंगातलं जॅकेट पाढा सहज निघेपर्यंत काढू नका. मला खरा सूर तिसऱ्या किलोमीटरला सापडतो. पूर्वी पहिल्या किलोमीटरवरूनच दिवस चांगला की वाईट ठरवायचो. आता तिसरा संपेपर्यंत मत बनवतच नाही.

ही पंधरा मिनिटं वाचवायला गेलो त्याची किंमत मी मोजली आहे. ५१ व्या वर्षी, पावसाळ्यात, गंगापूर धरणाकडच्या रस्त्याला उशीर झाला म्हणून गाडीवरून उतरलो तो थेट पळतच सुटलो. पहिल्याच चढावर पोटरीत कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मी खरंच वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. पोटरीचा स्नायू फाटला होता. पहिल्यांदा ज्यांना दाखवलं ते म्हणाले, आता वय झालं, पळणं सोडा. तो शब्द मनात घेऊनच मी ते चार महिने घरी बसलो. पोटरी सहा आठवड्यांत भरून आली होती, बाकीचे दिवस मन भरून यायला लागले. नंतर एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी जिन्यावर उभं करून व्यायाम शिकवला आणि सांगितलं, ‘काका, पोटरी दुबळी आहे. पळणं सोडायची गरज नाही, पोटरी तयार करा.’ डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा, पण ‘सोडा’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसऱ्या जाणकाराला विचारल्याशिवाय गप्प बसू नये.

तो व्यायाम असा. जिन्याच्या पायरीवर पायाचे चवडे टेकवा, टाचा बाहेर अधांतरी. कठडा धरा. दोन्ही टाचा उचला, वर एक क्षण थांबा, मग तीन-चार सेकंद घेत पायरीच्या खाली जाऊ द्या. उतरताना घाई झाली तर निम्मं काम वाया गेलं. पंधरा वेळा, अशा तीन खेपा. मग हेच गुडघे थोडे वाकवून, कारण गुडघा वाकला की पोटरीतला आतला स्नायू कामाला लागतो, आणि पळताना सगळ्यात जास्त भार तोच उचलतो. एक दिवसाआड करा. सोपं वाटायला लागलं की एका पायावर. मला फरक कळायला तीन महिने लागले, आणि तेव्हापासून पोटरीने त्रास दिलेला नाही.

जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि तेलाचा पाच लिटरचा कॅन पाण्याने भरून दोन्ही हातांत एकेक घेऊन जिना चढणं. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. माझ्या बायकोला तर हे पळण्याहून जास्त लागू पडलं. पाळी थांबल्यावर बायकांच्या हाडांची झीज झपाट्याने होते, आणि हाडांना व स्नायूंना वजनाचा व्यायाम लागतोच, नुसत्या चालण्याने भागत नाही. ती आधी कॅन घेऊन जिना चढायला लागली, सहा महिन्यांनी माझ्याबरोबर ट्रॅकवर आली. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं ती करते. त्यात कमीपणा मुळीच नाही. १९७२ च्या ऑलिंपिकला गेलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी हीच पळण्या-चालण्याची पद्धत हजारो लोकांना शिकवली. एकच लक्षात ठेवा: चालण्याचं मिनिट दमल्यावर घ्यायचं नसतं, पहिल्या चार मिनिटांपासूनच घ्यायचं असतं.

आठवड्याची मांडणी फार ताणून सांगण्यासारखी नाही. मी पूर्वी पाच दिवस पळायचो, आता तीन. मंगळवारी चाळीस मिनिटं सैल. गुरुवारी तेवढंच, पण शेवटी मातीवर वीस-वीस सेकंदांच्या सहा धावा, वेगात पण दात-ओठ न खाता, मध्ये पूर्ण दम येईपर्यंत चालत. त्या सहा धावा वगळू नका. झटक्याचे स्नायू न वापरल्याने आणखी लवकर जातात, आणि त्या वीस सेकंदांत आपण कधी काळी कसे पळायचो ते अंगाला पुन्हा आठवतं. रविवारी लांब, सव्वा ते दीड तास. बाकी दिवशी चालणं किंवा पूर्ण सुट्टी.

आणि जागा बदलत राहा. एकाच रस्त्यावर पळाल तर प्रत्येक खांबाशी जुनी वेळ उभी असते. त्र्यंबक रोडला पपया नर्सरीपासून पुढे मी वर्षानुवर्षं पळालो, तिथली प्रत्येक खूण मला मिनिटांसकट पाठ होती. तो रस्ता मी सोडला, तसाही आता तिथे वाहनांची गर्दी फार. एप्रिल-मेमध्ये पांडवलेणीच्या पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात जातो. सावली आहे, माती आहे. मन झालं तर पायऱ्या चढून लेण्यांपर्यंत जायचं, पण चालत, आणि उतरतानाही चालतच. उतारावर मांड्यांना बसणारा मार दोन दिवसांनी कळतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशांवर न जाता कृषीनगरच्या किंवा इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर. सिमेंटच्या रस्त्याला शक्य तिथे बगल द्या, कडेची मातीची पट्टी पकडा.

थंडीत मात्र मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांमधून. तिथला माझा अनुभव जरा सविस्तर सांगतो, कारण हळू पळण्याचं सुख मला तिथेच कळलं. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झालेली असते, मांडवावर नुसत्या काड्या. दिवाळीनंतर पोपटी फूट आलेली असते. डिसेंबरात कोवळे घड, आणि थंडी वाढली की शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तो धूर मांडवाखाली पसरून राहतो. फेब्रुवारीत क्रेट भरलेले ट्रॅक्टर, आणि एखादे ओळखीचे दादा थांबवून घड हातात देतात, ‘घ्या काका, पाणी प्या आधी.’ या रस्त्याने मी पूर्वीही गेलो होतो. पण तेव्हाच्या नोंदीत फक्त ‘१४ किमी, १:१२’ आहे. एक सावधगिरी: पहाटे फवारणी चालू असेल, ब्लोअरचा आवाज आला किंवा औषधाचा वास आला, तर त्या बागेवरून जायचंच नाही, तिथूनच मागे फिरा.

सोबतीचा प्रश्न बहुतेकांना नाउमेद करतो. ज्या गटाबरोबर दहा वर्षं पळालो तो पुढे निघून जातो, आपण पोहोचेपर्यंत त्यांचा चहा संपलेला असतो. यावर आम्ही काढलेला उपाय तुमच्या गटात उद्याच वापरता येईल. सगळ्यांनी एकत्र निघायचं, ज्याने-त्याने आपापल्या वेगाने जायचं, आणि बरोबर पंचवीस मिनिटं झाली की जो जिथे असेल तिथून मागे फिरायचं. जोरात पळणारा लांबून फिरतो, हळू पळणारा जवळून. जाताना जो वेग तोच येताना ठेवला तर सगळे एकाच वेळी परत पोहोचतात. परतीच्या वाटेवर तो पुढे गेलेला मुलगा मागून जवळ येत जातो, आणि शेवटच्या दोनशे मीटरला सगळे एकमेकांना गाठतात. आमच्यात २६ वर्षांचा इंजिनिअर आहे आणि ६८ वर्षांचे निवृत्त पोस्टमन आहेत. चहा सगळे बरोबर घेतात.

शर्यतीत भाग घेणार असाल तर वर्षातून एक स्वतःसाठी पळा आणि एक दुसऱ्यासाठी. पहिल्यांदाच पळणाऱ्या कुणाचा तरी जोडीदार व्हा. त्याला सुरुवातीला आवरणं आणि शेवटी धीर देणं हे काम अनुभवी आणि हळू माणसालाच जमतं. आणि ‘आता या वयात काय’ असं घरचं कुणी म्हणालं तर फौजा सिंग यांचं सांगा. २०११ साली टोरांटोला ते वयाच्या शंभराव्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन पळाले, आठ तासांहून जास्त वेळ घेऊन.

एका बाबतीत मात्र हयगय नको. चाळिशीनंतर जोर वाढवण्याआधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्या. पळताना छाती दाटली, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा नेहमीच्या वेगाला अचानक भलतीच धाप लागली तर तिथेच थांबा आणि थेट दवाखाना गाठा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत घरी येऊन झोपायचं नाही. गळ्यात किंवा खिशात नाव आणि घरचा नंबर असलेली चिठ्ठी ठेवा.

गेल्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली होती. २४ वर्षांची आहे, माझ्या दीडपट वेगाने पळते. भाऊबिजेच्या पहाटे ती म्हणाली, ‘बाबा, चला, पण मी हळू पळणार नाही.’ मी म्हटलं, नकोच. सोमेश्वरच्या फाट्यापासून दोघं निघालो, गंगापूर गावाच्या दिशेने. दोन मिनिटांत ती वळणाआड गेली. मी पाढा म्हणत राहिलो. पंचवीस मिनिटं झाली, फिरलो. बराच वेळ रस्ता रिकामा होता, नदीवरचं धुकं शेतापर्यंत आलेलं. मग मागून बुटांचा आवाज ऐकू यायला लागला, आधी बारीक, मग जवळ, आणि फाटा शंभर पावलांवर असताना ती माझ्या खांद्याशी आली. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: ‘५० मिनिटं. सोमेश्वर. पाढा झाला. दोघं एकदमच पोहोचलो.’